वह्यावाटपानंतर : शब्बाथशाळेत क्षमा शिकवण्याचा एक प्रकरण अभ्यास

मध्य मुंबईतील एका जुन्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळीच्या (चर्चच्या) शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या वर्गात, जूनच्या अखेरीस दोन मुलींमध्ये झालेले भांडण, ते मिटवण्यासाठी तिथल्या तिथे घडवून आणलेली क्षमा, आणि ती क्षमा टिकत नाही हे लक्षात आल्यावर मंडळीने पुढील काही महिन्यांत केलेले काम, असा या प्रकरणाचा आवाका आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांची प्रशिक्षणे मी घेत असल्यामुळे मंडळीच्या पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) मला या कामात बोलावले. कुटुंबांची ओळख पटू नये म्हणून मंडळीचे नाव दिलेले नाही आणि काही बाह्य तपशील बदलले आहेत. मुलांना क्षमा शिकवताना आपण ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडेच आधी मागणी घेऊन जातो आणि ज्याने नुकसान केले त्याला फार स्वस्तात सोडतो, हे या प्रकरणात जितके स्पष्ट दिसले तितके इतरत्र क्वचितच दिसते.

मंडळी आणि तिचा फंड

अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले आणि त्यांच्या कामातून पुढे मुंबई व नगर भागात मराठी मंडळ्या उभ्या राहिल्या. या मंडळीतील बरीच कुटुंबे नगर जिल्ह्यातून गिरण्यांच्या, रेल्वेच्या आणि इस्पितळांच्या नोकऱ्यांमागे मुंबईला आली. आता त्यांच्यातील निम्म्याहून अधिक कल्याण, अंबरनाथ, मीरा रोड अशा ठिकाणी राहायला गेली आहेत, परंतु उपासनेला ती आजही जुन्याच चर्चमध्ये येतात, आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असलेल्या रविवारी शब्बाथशाळेची हजेरी त्यामुळे एकदम खाली येते. मंडळीकडे शैक्षणिक मदतीचा एक छोटा फंड आहे. कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरी आजारपण आले, तर त्या घरातील मुलांची शाळेची फी त्यातून भरली जाते. अर्ज पाळकीय समितीपुढे येतात आणि समितीचे सभासद त्यावर नावानिशी चर्चा करतात.

या मदतीला एक जुना काटा आहे आणि तो समजल्याशिवाय पुढचा प्रसंग समजणार नाही. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांपासून मराठी ख्रिस्ती माणसाला ‘धान्यासाठी, पैशासाठी धर्म घेतला’ असा टोमणा ऐकावा लागत आला आहे. हा टोमणा ज्यांच्या आजोबांनी ऐकला त्या घरांत मंडळीची मदत घेणे ही सहजपणे बोलून दाखवण्याची गोष्ट नसते. ज्या मुलीविषयी हे प्रकरण आहे तिच्या वडिलांची खासगी कंपनीतील नोकरी गेली होती आणि बारा वर्षांच्या त्या मुलीची सातवीची फी फंडातून भरली गेली होती. तिच्या आईवडिलांनी ही गोष्ट तिला सांगितली होती, पण सख्ख्या काकालाही सांगितली नव्हती.

रविवारचा प्रसंग

शाळा सुरू झाल्यावर मंडळी दरवर्षी वह्यावाटप करते. त्या रविवारी डझनाच्या गठ्ठ्यांतील काही गठ्ठे कमी पडले आणि शेवटचा गठ्ठा कोणी घ्यायचा यावरून या मुलीची तिच्याच वर्गातील जिवलग मैत्रिणीशी ओढाताण झाली. त्या तिरमिरीत मैत्रीण सर्वांसमोर म्हणाली, ‘‘तुझी तर फीसुद्धा मंडळीच भरते, तुला अजून वह्या कशाला हव्यात?’’ वर्गात वीसेक मुले होती. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोहोचली.

वर्गाची शिक्षिका विशीतली आहे, आठवडाभर नोकरी करून रविवारी विनामोबदला शिकवते आणि मुले तिला ताई म्हणतात. तिने जे केले ते बहुतेक शिक्षकांनी केले असते. तिने दोघींना वर्गापुढे उभे केले, भावाला किती वेळा क्षमा करावी या शिष्य पेत्राच्या प्रश्नाला येशूने सातांच्या सत्तर वेळा असे उत्तर दिले ती गोष्ट थोडक्यात सांगितली, मैत्रिणीला ‘सॉरी’ म्हणायला लावले आणि या मुलीला ‘मी तुला क्षमा केली’ असे म्हणायला लावले. दोघींनी एकमेकींना मिठी मारली, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि वर्ग गाण्याकडे वळला. सगळे मिळून पाच मिनिटांत आटोपले. ताईच्या समोर वीस अस्वस्थ मुले होती आणि तिला वर्ग सावरायचा होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

प्रार्थनेतील मौन

पुढच्या रविवारी मुलगी आली नाही. त्यानंतर आली तेव्हा मागच्या बाकावर बसली आणि येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना चालू असताना ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या ओळीला गप्प राहून पुढच्या ओळीपासून पुन्हा म्हणू लागली. हे सलग काही रविवार घडल्यावर ताईच्या लक्षात आले. तिने बाजूला घेऊन विचारल्यावर मुलीने दिलेले उत्तर ताईने पाळकसाहेबांना जसेच्या तसे सांगितले: ‘‘मी त्या दिवशी क्षमा केली असं म्हटलं ते खोटं होतं. आता प्रार्थनेत पुन्हा खोटं कसं बोलू?’’

वर्गाच्या भिंतीवर त्या तिमाहीचे सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायचे वचन, लावलेले होते. ते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील होते, आणि त्याचा आशय असा की तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुमच्या अपराधांची क्षमा करणार नाही. मुलीने ते तोंडपाठ केले होते. तिच्या हिशेबाने ती आता दोन बाजूंनी अडकली होती: क्षमा केली म्हणावे तर खोटेपणा, केली नाही म्हणावे तर देवाची क्षमा गेली. वह्यांवरून सुरू झालेल्या भांडणाचा भार असा थेट तिच्या आणि देवाच्या नात्यावर येऊन पडला होता, आणि मैत्रीण मात्र त्याच प्रसंगातून पूर्ण मोकळी होऊन बाहेर पडली होती. ‘‘मी सॉरी म्हटलं ना, ताईंनीच मिटवलं,’’ असे तिचे म्हणणे होते, आणि तिला जे शिकवले गेले त्या दृष्टीने ते अगदी बरोबर होते.

याच सुमारास ताईने वर्गात ग्लॅडिस स्टेन्स यांची गोष्ट सांगितली. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे त्यांचे पती ग्रॅहम स्टेन्स आणि फिलिप व टिमथी ही दोन लहान मुले यांना जमावाने गाडीत जिवंत जाळले आणि ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. उदाहरण मोठे आहे आणि आपल्या शब्बाथशाळांमध्ये ते वारंवार दिले जाते. माझा त्याला या वयासाठी आणि अशा प्रसंगासाठी विरोध आहे. एवढे सोसून त्यांनी क्षमा केली, मग तुला एका वाक्याची क्षमा करता येत नाही, असाच त्याचा अर्थ मूल लावते. शिवाय गोष्ट अर्धी सांगितली जाते. ग्लॅडिस या प्रौढ होत्या, त्यांना कोणी व्यासपीठावर उभे करून ते वाक्य म्हणायला लावले नव्हते, आणि त्यांच्या क्षमेमुळे खटला थांबला नाही: मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कायम केली.

धड्यातून सुटलेले

शिक्षकांच्या बैठकीत आम्ही मत्तयाचा अठरावा अध्याय सलग वाचला. पेत्राचा प्रश्न एकविसाव्या वचनात येतो. त्याआधी पंधराव्या वचनापासून येशू वेगळीच गोष्ट सांगत आहे: तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याला त्याचा अपराध दाखव, ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर ने, तरीही ऐकले नाही तर मंडळीला कळव. म्हणजे अपराध झाला हे आधी नीट बोलले जाते, ते एकांतात बोलले जाते आणि बोलण्याचा अधिकार ज्याला लागले त्याला मिळतो. वर्गात यातील प्रत्येक गोष्ट उलट झाली होती. मुलीला काय लागले हे विचारलेच गेले नव्हते, सर्व काही वीस जणांसमोर झाले होते, आणि मंडळी ही शेवटची पायरी असायला हवी तिथे ती पहिली झाली होती.

त्याच अध्यायातील निर्दय चाकराचा दाखलाही (दृष्टांतकथाही) आपण घाईत सांगतो. राजाने चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज सोडले आणि त्या चाकराने आपल्या सोबत्याला शंभर दीनारांसाठी गळा धरून तुरुंगात टाकले. शिक्षक सहसा ‘किरकोळ शंभर दीनार’ असे सांगतात. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. आज मजुरी रोजची पाचशे रुपये धरली तर राजाने सोडलेले कर्ज तीन हजार कोटींचे होते, आणि सोबत्याचे पन्नास हजार रुपयांचे. तीन हजार कोटींपुढे पन्नास हजार काहीच नाहीत हे खरे, पण हातावर पोट असलेल्या माणसाच्या घरात पन्नास हजार रुपये ही तीन-साडेतीन महिन्यांची कमाई आहे. दाखल्यात सोबत्याचे देणे खोटे किंवा क्षुल्लक आहे असे कुठेही म्हटलेले नाही. मुलांना हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला तर क्षमा करणारा काहीतरी खरोखरचे सोडतो आहे हे त्यांना कळते. ‘एवढं काय त्यात’ असे म्हटले तर त्यांना फक्त इतके कळते की त्यांचे दुखणे मोठ्यांना दिसत नाही.

वयाचाही विचार करावा लागतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये क्षमेविषयीची समज वयाबरोबर कशी बदलते यावर अभ्यास प्रसिद्ध केला. गेलेले परत मिळाले तर क्षमा करीन, ही त्यांच्या क्रमातील सुरुवातीची एक पायरी आहे. त्यानंतर इतरांच्या अपेक्षेमुळे केलेली क्षमा येते आणि कोणत्याही अटीविना केलेली क्षमा सर्वांत शेवटी. बारा वर्षांचे मूल भरपाई मागते तेव्हा ते हट्टी किंवा अविश्वासू नसते. ते त्याच्या वयाला शोभेल असा न्याय मागत असते. शिक्षकांपैकी एका ज्येष्ठ बाईंना हे पटले नाही. त्यांच्या मते कृपेला अटी नसतात आणि मुलांनी ते लहानपणीच शिकावे. त्यांचा मुद्दा चुकीचा नाही, परंतु देवाची कृपा कशी आहे हे शिकवणे आणि दुखावलेल्या मुलाकडून ती तत्काळ वसूल करणे यांत अंतर आहे.

भरपाईचा प्रश्न

येथे आपल्या कॅथलिक शेजाऱ्यांकडून थोडे घेण्यासारखे आहे. मूल साधारण सात-आठ वर्षांचे झाले की प्रथम ख्रिस्तप्रसादाआधी (फर्स्ट कम्युनियनआधी) त्याला प्रायश्चित्त संस्काराची (कन्फेशनची) तयारी करून दिली जाते, आणि त्यात पश्चात्ताप व पापनिवेदन यांच्याबरोबर भरपाईही असते. पापमुक्ती मिळाली तरी चोरलेली वस्तू परत करायची असते आणि ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळायला मदत करायची असते, अशी कॅथलिक धर्मशिक्षणाची स्पष्ट शिकवण आहे. आमच्याकडे पापातून तारण सत्कर्मांनी मिळत नाही यावर इतका भर असतो की भरपाई हा शब्द उच्चारला तरी काही वडीलमंडळी सावध होतात. वास्तविक पवित्र शास्त्रातील गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात अपराध कबूल करून पूर्ण रक्कम आणि वर एक पंचमांश देण्याचा नियम आहे, आणि येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर लुबाडलेले चौपट परत देण्याचे स्वतःहून सांगतो. जक्कयाची गोष्ट तो बुटका होता आणि झाडावर चढला इतकीच सांगून संपते, हे माझे जुने दुःख आहे.

पण फुटलेले गुपित परत कसे करायचे? पाळकसाहेबांनी प्रथम मुलीची आई सोबत असताना मुलीला एवढेच विचारले की यात तुझे काय गेले. तिने बराच वेळ घेतला. आपले गुपित कळले याचे दुःख तिला होतेच, पण आता कोणाकोणाला माहीत आहे हे कळत नसल्यामुळे चर्चमध्ये कोणी तिच्याकडे पाहिले की तिला तेच आठवत होते. वडिलांच्या कानावर सगळे गेल्यापासून ते उपासनेला येत नव्हते आणि ते आपल्यामुळे घडले असे तिला वाटत होते. त्या दिवशी मिळालेल्या वह्या तिने उघडल्या नव्हत्या. आणि शेवटी तिने विचारले की मैत्रिणीला हे सांगितले कुणी.

प्रार्थनेतील त्या ओळीविषयी पाळकसाहेबांनी तिला सांगितले की मन तयार होईपर्यंत गप्प राहिलीस तर देवाला कारण माहीत आहे. त्यांनी तिच्याबरोबर पंचावन्नावे स्तोत्र वाचले. त्यात स्तोत्रकर्ता म्हणतो की वैऱ्याने निंदा केली असती तर मी सोसली असती, पण तो तू होतास, माझा जिवलग, आपण दोघे देवाच्या मंदिरी बरोबर जात होतो. पवित्र शास्त्रात अशी तक्रार देवापुढेच केलेली आहे, आणि ती करणाऱ्याला आधी क्षमा करून ये असे कोणी सांगितलेले नाही, हे कळल्यावर मुलगी प्रथमच रडली, असे तिच्या आईने नंतर सांगितले.

मैत्रिणीशी ताई बोलली. या वेळी तिने ‘सॉरी म्हण’ असे म्हटले नाही. तू काय केलेस ते पहिल्यापासून सांग, असे म्हटले. सांगता सांगता मैत्रीण ‘मी फक्त खरं तेच बोलले’ इथे अडकली. खरे असलेली गोष्टही आपली नसेल तर ती देऊन टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे तिला कुणी कधी सांगितले नव्हते. तिने ग्रुपवर पुन्हा माफी लिहावी असे एका शिक्षिकेचे मत होते, पण त्याने तीच गोष्ट पुन्हा वर आली असती, म्हणून ते टाळले. ज्या चार मुलींनी ती गोष्ट पुढे सांगितली होती त्यांना तिने स्वतः भेटून, ते सांगायला नको होते, यापुढे बोलू नका, एवढेच सांगावे असे ठरले. तीन भेटी नीट झाल्या. चौथी मुलगी हसली, आणि मैत्रिणीला तो अपमान सोसावा लागला.

मैत्रिणीच्या आईची वेळ

मैत्रिणीला ही गोष्ट घरातून कळली होती. तिची आई पाळकीय समितीवर आहे आणि समितीच्या सभेनंतर जेवताना पतीशी बोलत असताना मुलीने ऐकले. ‘‘मुलं कान देऊन ऐकतात, त्याला आम्ही काय करणार?’’ असे त्या बाई सुरुवातीला म्हणाल्या. त्यांना हे समजावणे हा या प्रकरणातील सर्वांत लांबलेला आणि सर्वांत अवघड भाग ठरला, कारण दोन मुलींच्या भांडणात एका मोठ्या, सेवाभावी आणि मंडळीत मान असलेल्या बाईंचा अपराध आहे हे म्हणायला कोणीच तयार नव्हते. पाळकसाहेब त्यांच्याकडे एकटेच तीनदा गेले, आणि तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारले की मुलीने जे केले त्यासाठी तुम्ही तिला चार घरी पाठवलेत, मग तुमचे पाऊल का अडते आहे?

सप्टेंबरमध्ये त्या बाई आपल्या मुलीला बरोबर घेऊन त्या कुटुंबाच्या घरी गेल्या. वडील दुसऱ्या खोलीतून बाहेर आले नाहीत. बाईंनी त्या मुलीशी आणि तिच्या आईशी बोलून, समितीत विश्वासाने कळलेली गोष्ट मी घरात बोलले, ती माझी चूक होती, तुमच्या मुलीची नाही, असे सांगितले. त्यांची स्वतःची मुलगी शेजारी बसून हे ऐकत होती. शब्बाथशाळेच्या वर्षभराच्या धड्यांतून तिला जे मिळाले नसते ते तिला त्या बैठकीत मिळाले असावे, असे माझे मत आहे. क्षमा मागणारा मोठा माणूस मुलांना प्रत्यक्ष दिसणे आपल्याकडे फार दुर्मीळ आहे, घरातही आणि मंडळीतही.

समितीनेही आपली पद्धत बदलली. ट्रस्टच्या हिशेबाला पावती लागतेच, त्यामुळे नोंद टाळता येत नाही. पण आता अर्जदाराचे नाव फक्त पाळक आणि खजिनदार यांना माहीत असते, समितीपुढे रक्कम आणि कारण तेवढे येते. वह्या आता मदत म्हणून न देता शब्बाथशाळेतील प्रत्येक मुलाला सारख्याच दिल्या जातात.

बैठकीत एका शिक्षकाने रास्त प्रश्न विचारला की मग वर्गात भांडण झाले तर आम्ही करायचे काय. वही ओढली, ढकलले, चिडवले अशा रोजच्या गोष्टींत सॉरी म्हणवून घ्यायला हरकत नाही. मुले ते म्हणतात आणि विसरतात. जिथे मूल विसरत नाही तिथे थांबायचे, दोघांशी वेगवेगळे बोलायचे आणि क्षमेचा शब्द आपण आधी उच्चारायचा नाही, एवढे ठरले. एका बाबतीत मात्र चर्चेला जागा ठेवली नाही. मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याची शंका आली तर ते प्रकरण क्षमेच्या धड्याखाली मंडळीत मिटवायचे नाही. 2012 च्या पोक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे.

आजची स्थिती

दोघी मुली पूर्वीसारख्या मैत्रिणी नाहीत. एका बाकावर बसत नाहीत, पण गाण्याच्या सरावाला एकत्र असतात आणि बोलतात. ऑक्टोबरमध्ये मुलीने ताईला आपण होऊन सांगितले, ‘‘आता राग येत नाही, पण तिला मी परत काही सांगणार नाही.’’ काही शिक्षकांना हे अर्धवट वाटते. मला ते पुरेसे वाटते. एनराइट क्षमा आणि समेट यांत फरक करतात: क्षमा एकट्याने करता येते, समेटाला दोघांचा विश्वास लागतो, आणि मोडलेला विश्वास परत ठेवायचा की नाही हे ज्याचा मोडला त्याने ठरवायचे असते. पवित्र शास्त्रातील योसेफानेही, ज्याला भावांनी विकले होते, भावांना धान्य दिले, पण स्वतःची ओळख देण्याआधी ते बदलले आहेत का हे पाहून घेतले.

मुलीचे वडील आता घराजवळच्या दुसऱ्या मंडळीत जातात आणि परत येण्याची चिन्हे नाहीत. मुलगी ती ओळ कधी म्हणते, कधी म्हणत नाही. नाताळच्या कार्यक्रमात प्रभूची प्रार्थना दरवर्षी तीच पुढे उभी राहून म्हणवून घेत असे, म्हणून मंडळीतील एका ज्येष्ठ सभासदाने समितीत हरकत घेतली की जी पूर्ण प्रार्थना म्हणत नाही तिला पुढे उभे करू नये. पाळकसाहेबांनी उत्तर दिले की पुढे उभे राहायचे की नाही हे तिलाच विचारू, आणि ज्यांनी आपल्या ऋण्यांचे ऋण खरोखर सोडले आहे त्यांनीच ती ओळ म्हणावी असा नियम लावला तर त्या दिवशी चर्चमध्ये किती आवाज ऐकू येतील ते आधी पाहावे लागेल. हरकत मागे घेतली गेलेली नाही. ती डिसेंबरच्या सभेपुढे आहे.